सर्वांनी मिळून सिद्दूर घडवण्याचं संकेतस्थळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिद्दूर म्हणजे काय, आणि तो वेगवेगळा का लागतो?

सिद्दूर हे यहुदी लोकांचं रोजच्या आणि शब्बाथच्या (आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाच्या) प्रार्थनांचं पुस्तक. सणांच्या प्रार्थनांचं जाडजूड पुस्तक वेगळं असतं, त्याला माहझोर म्हणतात. शमा (देव एक असल्याची ग्वाही), अमिदा (उभं राहून म्हणायचे आशीर्वाद), कद्दिश (देवाची स्तुती), आलेनू (समारोपाची प्रार्थना) हा गाभा जगभर ओळखीचा. पण नेमके शब्द, क्रम, काय म्हणायचं आणि काय गाळायचं हे परंपरेवर ठरतं. अशा परंपरेला नुसाख म्हणतात. अश्कनाझ, सफाराद, एदोत हामिझराख, येमेनी (त्यातही बलदी आणि शामी) आणि इटालियन हे त्यातले ठळक.

इथेच पहिला खड्डा आहे. ‘नुसाख सफाराद’ हा सेफार्डी (मूळच्या स्पेन-पोर्तुगालच्या) लोकांचा नव्हे, तो हसिदी, म्हणजे पूर्व युरोपातल्या भक्तिपंथी मंडळींचा. सेफार्डी आणि पूर्वेकडच्या समाजांचा नुसाख सहसा एदोत हामिझराख या नावाने छापला जातो. डेटाबेसमध्ये ‘सेफार्डी’ असा एकच रकाना ठेवला की दोन्ही मजकूर त्यात कोंबले जातात आणि पुढे ते वेगळे करताना घाम फुटतो.

नुसाखाखाली देशाचे, गावाचे, सिनेगॉगचे (प्रार्थनागृहाचे) आणि घरचेही रिवाज असतात. अलिबागकडून इस्राएलात लोदला गेलेल्या बेने इस्राएल (मराठी बोलणाऱ्या यहुदी) कुटुंबाला हिब्रू मजकूर, शेजारी मराठी अर्थ आणि आजीसाठी देवनागरीत उच्चार हवा असेल. अमेरिकेतल्या एखाद्या रिफॉर्म (सुधारणावादी) मंडळीला अमिदाच्या पहिल्या आशीर्वादात अब्राहाम, इसहाक, याकोब यांच्याबरोबर सारा, रिबका, राहेल आणि लेआ यांचीही नावं हवी असतील. तीस घरांसाठी कुठलाही प्रकाशक स्वतंत्र आवृत्ती काढत नाही. असं संकेतस्थळ लागतं ते यासाठी.

मग वर्डची एक चांगली फाइल करून सगळ्यांना पाठवली तर?

पहिल्या आवृत्तीपुरतं चालतं. पुढे प्रत्येकाकडे आपापली फाइल तयार होते आणि एकीतली दुरुस्ती दुसरीपर्यंत पोचत नाही. एकट्या सकाळच्या प्रार्थनेत कद्दिश अनेकदा येतो. एका ठिकाणचं स्वरचिन्ह सुधारलं, बाकीची तशीच राहिली, की पुस्तक स्वतःशीच भांडायला लागतं. शिवाय कुठला परिच्छेद कुठून घेतला आणि तो वापरायची परवानगी आहे का, ही माहिती फाइलमध्ये टिकत नाही. फाइल ही निष्पत्ती असावी, साठवण नव्हे.

मजकूर साठवायचा कसा?

चार गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या ठेवा: शब्द, ते शब्द कधी म्हणायचे याच्या अटी, म्हणणाऱ्याला द्यायच्या सूचना (‘उभं राहावं’, ‘हळू आवाजात’), आणि प्रत्येक तुकड्याचं मूळ. पान कसं दिसेल हे यापैकी कशातच लिहायचं नाही.

शब्दांचे तुकडे लहान ठेवा आणि पुस्तकात त्यांचे फक्त संदर्भ ठेवा. रोजची ‘अश्रे’ घ्या. ती स्तोत्र 145 असल्याचं सगळे म्हणतात, पण सुरुवातीला स्तोत्र 84 चं पाचवं आणि 144 चं पंधरावं वचन येतं, आणि शेवटी 115 चं अठरावं. म्हणजे चार ठिकाणचे तुकडे शिवून केलेली ही एक प्रार्थना आहे. तनाखचा (हिब्रू बायबलचा) मजकूर एकदाच साठवून अश्रेमध्ये चार संदर्भ दिले, की तनाखमधली दुरुस्ती आपोआप प्रार्थनेत येते. कद्दिशचंही तसंच. अर्धा, पूर्ण, शोक करणाऱ्यांचा आणि विद्वानांचा या प्रकारांत समान ओळी बऱ्याच असतात. त्या ओळी एकदाच लिहाव्यात.

खरी डोकेदुखी आहे एकमेकांवर चढणाऱ्या रचनांची. वचन एका ठिकाणी संपतं, वाक्य दुसऱ्या ठिकाणी, कवितेची ओळ तिसऱ्या ठिकाणी आणि हज्जान (प्रार्थना चालवणारा) मोठ्याने म्हणतो तो भाग भलतीकडेच. साध्या एक्सएमएलमध्ये (मजकुराला खुणा लावायच्या संगणकीय पद्धतीत) एका खोक्यात दुसरं खोकं पूर्ण मावावं लागतं, अर्धं बाहेर राहिलेलं चालत नाही. म्हणून मजकूर शब्दाशब्दाला ओळखक्रमांक देऊन सपाट साठवतात आणि रचना बाहेरून, ‘या शब्दापासून त्या शब्दापर्यंत’ अशा नोंदींनी लिहितात. ग्रंथांच्या संगणकीय नोंदींसाठी 1987 पासून विकसित होत आलेल्या टीईआय या पद्धतीत याची सोय आहे. 2009 पासून सार्वजनिकपणे चालणाऱ्या ओपन सिद्दूर प्रोजेक्टने याच पद्धतीवर आपली रचना बेतली. सुरुवातीला हे फार वाटतं. पण एचटीएमएलमध्ये थेट लिहायला घेतलेले प्रकल्प दुसरा नुसाख आला की अडतात.

तारखेनुसार बदलणारे भाग कसे हाताळायचे?

हिब्रू पंचांग चांद्रसौर आहे. आपल्या अधिक मासासारखा तिथे जादा अदार महिना येतो, 19 वर्षांत 7 वेळा: चक्राच्या 3, 6, 8, 11, 14, 17 आणि 19 व्या वर्षी. वर्षाची लांबी 353, 354, 355, 383, 384 किंवा 385 दिवस असते. वर्षारंभाचा वार, लांबी आणि जादा महिना मिळून वर्षाचे 14 प्रकार होतात. चाचणी या चौदाही प्रकारांवर घ्या, फक्त चालू वर्षावर नको. झटपट तपासणीसाठी एक नियम: रोश हाशाना (वर्षारंभाचा दिवस) रविवारी, बुधवारी किंवा शुक्रवारी कधीच येत नाही. तुमच्या हिशोबात आला तर कोड चुकलाय.

दिवस सूर्यास्ताला बदलतो. सोमवारी रात्री आठला उघडलेल्या पानावर मंगळवारची हिब्रू तारीख दिसली पाहिजे. वापरणाऱ्याचं गाव माहीत नसेल तर अंदाज बांधू नका, विचारा.

गाव आणखी एका कारणाने लागतं. पुरीम हा सण 14 अदारला असतो, पण मोशेनंतरचा पुढारी यहोशवा याच्या काळी तटबंदी असलेल्या गावांत, म्हणजे आज मुख्यतः जेरुसलेममध्ये, 15 ला. अमिदात पाऊस मागण्याचे शब्द इस्राएलात मारहेश्वान महिन्याच्या 7 तारखेच्या रात्रीपासून म्हणतात. इस्राएलबाहेर ते 4 डिसेंबरच्या संध्याकाळी सुरू होतात, आणि पुढचं इसवी वर्ष लीप असेल तर 5 डिसेंबरच्या. हा नियम प्राचीन बाबिलोनच्या शेतीवरून आलाय, त्यामुळे मुंबईत पाऊस जूनमध्ये पडतो म्हणून तो हलवायचा नसतो. उत्साही स्वयंसेवक ही ‘सुधारणा’ सुचवतात, तेव्हा आधीच लिहून ठेवलेलं बरं. शिवाय ‘पाऊस मागणं’ आणि ‘वारा वाहवणारा, पाऊस पाडणारा’ ही स्तुती या दोन वेगळ्या अटी आहेत. स्तुती शमिनी अत्सेरेत या शरदातल्या सणापासून पेसाह या वसंतातल्या सणापर्यंत असते. दोन्हींना एकच चलपद दिलं तर शरदातले कित्येक आठवडे चुकीचा मजकूर दिसत राहतो.

पण सगळंच तारखेवर ठरतं का?

नाही, आणि नवी टीम इथे हमखास फसते. तहनून ही क्षमायाचनेची प्रार्थना सिनेगॉगमध्ये नवरदेव हजर असेल किंवा त्या दिवशी सुंता असेल तर गाळतात. कद्दिशला मिन्यान, म्हणजे दहा जणांचा गट, लागतो. शोक पाळणाऱ्याच्या घरी बदल वेगळे. हे पंचांगाला कळणार नाही. म्हणून अटींचे दोन वर्ग करा: यंत्राने ठरवायच्या आणि माणसाने टिकमार्क करून सांगायच्या. शिवाय प्रत्येक अटीसोबत एक छापण्याजोगं वाक्य ठेवाच: ‘रोश होदेश आणि सणांच्या दिवशी इथे याअले वेयावो म्हणावं.’ (रोश होदेश म्हणजे महिन्याची सुरुवात, याअले वेयावो हा तेव्हा जोडायचा परिच्छेद.) पडद्यावर अट लागू नसेल तर मजकूर लपवता येतो, कागदावर तो सूचनेसह छापावाच लागतो.

आजच्या जमान्यात कागदाची एवढी काळजी कशाला? अॅप पुरेसं नाही का?

धर्मनियम पाळणारे यहुदी शब्बाथला आणि सणांना विजेची उपकरणं चालवत नाहीत. म्हणजे ज्या दिवशी सर्वांत लांब प्रार्थना असते त्याच दिवशी फोन बंद. तेव्हा छापील पुस्तक हेच मुख्य उत्पादन, पडदा दुय्यम. हे पहिल्या बैठकीतच ठरवून टाका, नाहीतर छपाई ‘नंतर बघू’ यादीत जाते.

मूळ मजकूर कुठून आणायचा? प्रार्थना तर हजारो वर्षं जुन्या आहेत, मग प्रताधिकार कसला?

प्रार्थना जुन्या असल्या तरी अलीकडची संपादित आवृत्ती, तिचं भाषांतर, सूचना, टिपा आणि मांडणी हे कोणाचंतरी काम असतं. बाजारातला नवा सिद्दूर स्कॅन करून टाकू नका. जुन्या आवृत्त्यांपासून सुरुवात करा. अश्कनाझ मजकुरासाठी झेलिगमन बेअर यांचा रोडेलहाइमला 1868 साली छापलेला सिद्दूर आजही पायाभूत मानला जातो. इंग्रजीसाठी सिमियन सिंगर यांचं 1890 चं भाषांतर आहे. तनाखच्या इंग्रजीसाठी ज्यूइश पब्लिकेशन सोसायटीची 1917 ची आवृत्ती मुक्त आहे. त्याच संस्थेची 1985 ची आवृत्ती मुक्त नाही आणि लोक या दोन्हींत सर्रास गल्लत करतात.

मुदत देशागणिक वेगळी. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं, इस्राएलात 70. अमेरिकेत जुन्या पुस्तकांसाठी प्रकाशनापासून 95 वर्षं मोजतात. सर्व्हर कुठे आहे, पुस्तक कुठे छापलं जाणार, हे बघून सर्वांत कडक मुदत धरा. भाषांतरकाराच्या मृत्यूचं साल हा रकाना सक्तीचा करा.

नव्या योगदानासाठी क्रिएटिव्ह कॉमन्सचे (सीसी) परवाने तीनच ठेवा: सीसी शून्य (कसलीही अट नाही), सीसी बीवाय (श्रेय द्यायचं) आणि सीसी बीवाय-एसए (श्रेय द्यायचं आणि नवी रचनाही याच परवान्याखाली ठेवायची). ‘बदल नको’ हा परवाना इथे निरर्थक, कारण बदलणं हेच काम. ‘व्यावसायिक वापर नको’ हाही त्रास देतो. सिनेगॉगने खर्च भरून काढायला शंभर रुपयांना पुस्तक दिलं तर ते व्यावसायिक का, यावर वाद होतो. शिवाय असा मजकूर बीवाय-एसएच्या मजकुरात विणून एक नवी रचना बनवता येत नाही. वापरणाऱ्याने भाग निवडताच त्यांचे परवाने जुळतात का हे यंत्राने लगेच दाखवावं आणि श्रेयाचं पान आपोआप तयार व्हावं. सेफारियासारख्या ऑनलाइन ग्रंथालयातून मजकूर घेताना प्रत्येक आवृत्तीचा परवाना स्वतंत्रपणे पाहा. एकाच ग्रंथाच्या दोन आवृत्त्यांचे परवाने वेगळे असू शकतात.

हिब्रूची स्वरचिन्हं का विस्कटतात?

चार कारणं वारंवार सापडतात.

पहिलं, जुन्या पीडीएफमधून केलेली नक्कल. त्यात अक्षरं कधी दिसण्याच्या क्रमाने, म्हणजे उलटी येतात, कधी बिंदूसकट घडवलेल्या जुन्या जोडचिन्हांच्या रूपात. आत घेतानाच सगळं मूळ अक्षर अधिक वेगळं चिन्ह असं सुटं करून घ्या.

दुसरं, यूनिकोडचं सामान्यीकरण. चिन्हांना ठरावीक क्रमांक आहेत: हिरिक 14, पताह 17, कमात्स 18, दागेश 21 (पहिली तीन स्वरांची, दागेश म्हणजे अक्षरातला ठिपका). सामान्यीकरणात चिन्हं या क्रमाने लावली जातात आणि टंकलेखकाने दिलेला क्रम पुसला जातो. बहुतेक वेळा दिसण्यात फरक पडत नाही, पण एक स्रोत सामान्यीकृत आणि दुसरा तसाच असेल तर सारखे दिसणारे शब्द शोधात जुळत नाहीत. तनाखमधल्या ‘येरुशालाइम’ या शब्दात मात्र दिसण्यातही घोळ होतो. तिथे लामेद अक्षराखाली पताह किंवा कमात्स आणि मग हिरिक, अशी दोन चिन्हं येतात. सामान्यीकरण हिरिकला त्या दुसऱ्या चिन्हाच्या आधी नेऊन ठेवतं. उपाय: दोन चिन्हांच्या मध्ये ‘कम्बायनिंग ग्राफीम जॉइनर’ हे न दिसणारं चिन्ह घाला आणि तुमची साफसफाईची स्क्रिप्ट ते कचरा समजून काढत नाही ना, हे तपासा.

तिसरं, फाँट. स्वरचिन्हं आणि तआमीम म्हणजे पठणाच्या खुणा दोन्ही नीट बसवणारे फाँट मोजके आहेत. एझ्रा एसआयएल आणि तामे फ्रांक चांगले चालतात. ज्या फाँटाला खुणांची जागा कळत नाही त्यात त्या एकमेकींवर चढतात.

चौथं, उजवीकडून डावीकडे आणि डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या लिप्यांची सरमिसळ. मराठी सूचनेत हिब्रू शब्द आला की शेवटचं पूर्णविरामचिन्ह किंवा कंस भलत्या टोकाला उडी मारतो. हिब्रू तुकडा नेहमी दिशा वेगळी राखणाऱ्या बीडीआय टॅगमध्ये गुंडाळा. कंस हाताने उलटे टाइप करून तात्पुरतं निभावू नका, छपाईत तेच पुन्हा उलटे होतात.

उच्चार यंत्राने लिहून मिळतील का? मराठीत?

अर्धवट. कमात्स ‘आ’ की ‘ओ’ वाचायचा, श्वा (अर्धस्वराचं चिन्ह) उच्चारायचा की नाही, हे व्याकरणावर ठरतं. ‘ओ’ असा वाचायच्या कमात्ससाठी यूनिकोड 4.1 मध्ये (2005) वेगळं चिन्ह आलं, पण जुन्या मजकुरात ते नसतं. शिवाय तो कुठे ‘ओ’ होतो यावर परंपरांचं एकमत नाही. म्हणून आधी यंत्राने लिप्यंतर करा, मग माणसाने तपासलेल्या अपवादांचा कोश त्यावर लावा.

देवनागरीसाठी आधी उच्चाराचा आराखडा निवडायला लावा. बेने इस्राएलांच्या लिहिण्याबोलण्यात शब्बाथ असा ‘थ’ आहे, इस्राएली हिब्रूत ‘त’. दोन्ही बरोबर, पण एका पुस्तकात एकच. हेत या अक्षराला ‘ह’ की ‘ख’ हेही तसंच ठरवा. मराठी वाचक शेवटचा अ गाळतो, पण शब्दाच्या मधला कधी गाळतो, कधी नाही. शिकणाऱ्यांच्या आवृत्तीत मधल्या निःस्वर व्यंजनाला हलन्त द्या.

भाषांतर शून्यापासून करायची गरज नाही. मुंबईच्या सासून शाळेचे मुख्याध्यापक जोसेफ एझिकेल राजपूरकर (1834–1905) यांनी अनेक हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. पेसाहच्या रात्री वाचायच्या हग्गादाची मराठी भाषांतरासह आवृत्ती पुण्यात 1874 ला छापली गेली. हे सगळं प्रताधिकारमुक्त आहे. जुनी भाषा (‘करणें’, ‘तें’) हा एक थर म्हणून जशीच्या तशी ठेवा, आजच्या मराठीचा थर वेगळा करा. मधेमधे सुधारून दोन्ही बिघडवू नका. देवाला ‘तू’ म्हणायचं की ‘आपण’, हे शैलीपत्रकात पहिल्याच दिवशी लिहा. आमचं मत ‘तू’ला. मराठी माणूस विठोबालाही ‘आपण’ म्हणत नाही.

ईश्वराचं नाव कसं लिहायचं?

चार अक्षरी नाव पूर्ण, दोन योद अक्षरांनी, की नुसत्या ‘हे’ या अक्षराने, हे वापरणाऱ्याने ठरवायचं. त्यासाठी साठवणीत प्रत्येक ठिकाणी खूण लावा. शोधा आणि बदला करू नका, कारण ‘अदोनाय’ची अक्षरं तनाखमध्ये माणसांसाठी, ‘महाराज’ अशा अर्थानेही येतात.

दुसरी गोष्ट चाचणी प्रतींची. हे नाव छापलेला कागद रद्दीत टाकत नाहीत, गेनिझात (अशा कागदांच्या कोठीत) ठेवतात आणि पुढे पुरतात. मांडणी तपासताना पन्नास पानं वाया गेली तर ती सगळी गेनिझात. म्हणून मसुद्यात आपोआप पर्यायी खूण छापली जावी आणि अंतिम प्रतीतच पूर्ण नाव यावं.

कोणता पाठ बरोबर, यावरून भांडणं झाली तर?

होणारच. मतदान घेऊ नका. सकाळच्या आशीर्वादांमधलं ‘ज्याने मला स्त्री केलं नाही’ हे वाक्य ऑर्थोडॉक्स (परंपरानिष्ठ) पुस्तकांत असतं. कॉन्झर्व्हेटिव्ह (मध्यममार्गी) पुस्तकांत त्या जागी ‘ज्याने मला आपल्या प्रतिमेप्रमाणे घडवलं’ येतं. संकेतस्थळाने निवाडा करायचा नसतो. दोन्ही पर्याय स्रोत आणि परंपरेसह शेजारी राहतात. मात्र टंकनदोष आणि पाठभेद यांचे रस्ते वेगळे ठेवा. दोष असेल तर स्कॅनचं पान दाखवून दुरुस्ती, दुसऱ्या वाचकाने पडताळली की लागू. पाठभेद असेल तर नवी नोंद, जुनी तशीच. प्रत्येक नुसाखाला एक जाणकार संपादक नेमा आणि त्याचा अधिकार त्याच नुसाखापुरता ठेवा.

छापलेल्या प्रतीवर आवृत्तीचा क्रमांक हवाच. चूक कळवणाऱ्याच्या हातात कुठली प्रत आहे हे त्याशिवाय समजत नाही.

छापखान्यात काय बिघडतं?

बांधणी. हिब्रू पुस्तक उजव्या बाजूला शिवलेलं असतं. हे लेखी कळवलं नाही तर डावीकडे शिवलेला गठ्ठा हातात येतो. मुंबईत उर्दू पुस्तकं बांधणाऱ्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. ऑनलाइन मागणीनुसार छापणाऱ्यांकडे मात्र आधी एकच प्रत मागवा.

पानांची संख्या 16 च्या पटीत (16 पानांचा एक फर्मा) आणा. 70 जीएसएम कागदावर 400 पानांचं, म्हणजे 25 फर्म्यांचं पुस्तक साधारण 18 मिलिमीटर जाड होतं, हातात धरून उभं राहायला ठीक. त्याहून पातळ कागदाला अपारदर्शकता तपासा, नाहीतर मागची स्वरचिन्हं पुढे झिरपलेली दिसतात. हिब्रू 14 ते 16 पॉइंट, मराठी 11 ते 12. समोरासमोर पानं असतील तर हिब्रू उजवीकडे. मराठी जास्त जागा खातं, म्हणून जोडी पानापानाने न जुळवता परिच्छेदाने जुळवा.

आणि पृष्ठक्रमांक! हज्जान ‘पान 84’ म्हणतो आणि प्रत्येकाचं 84 वेगळं असतं. प्रत्येक प्रार्थनेला कायमचा विभागक्रमांक द्या, तो समासात ठळक छापा आणि घोषणा त्याचीच करा.

सुरुवात कशापासून करावी?

जेवणानंतरच्या बिरकत हामाझोनपासून. छोटी आहे, 16 पानांच्या एका फर्म्यात बसते, आणि वर सांगितलेलं बहुतेक सगळं तिच्यात आहे. चार आशीर्वाद, आणि त्यांत दिवसानुसार भर: शब्बाथला ‘रेत्से’, रोश होदेशला ‘याअले वेयावो’, हनुका आणि पुरीमला ‘अल हानिस्सीम’. सुरुवातीला अनेकांच्या रिवाजात साध्या दिवशी स्तोत्र 137 आणि शब्बाथला 126. तिघं किंवा दहा जण एकत्र जेवले तर आमंत्रणाचे शब्द बदलतात, ती माणसाने सांगायची अट. दोन नुसाख, दोन भाषा आणि एक उच्चाराचा थर एवढंच घ्या. ज्यांनी काम केलेलं नाही अशांच्या हातात दहा प्रती द्या. ते कुठे थांबतात, कुठली सूचना दोनदा वाचतात, कुठलं पान उलटायला उशीर होतो, ते टिपा आणि ते सुधारल्यावरच अमिदाला हात घाला.